पेला आणि बेडी : मार्सेलिसच्या सव्वीस शतकांचे वाचन

मराठी माणसाला मार्सेलिस हे शहर माहीत आहे ते एका सकाळीपुरते. ८ जुलै १९१० च्या त्या सकाळी विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या शौचकूपाच्या झरोक्यातून बंदरात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवले आणि थोड्याच वेळात ते पुन्हा बोटीवर कैदेत होते. ही उडी आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून, चरित्रांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे चित्र प्रत्येकाच्या मनात तयार असते. त्या चित्रात समुद्र असतो, बोट असते, पाठलाग करणारे पहारेकरी असतात. शहर मात्र नसते. जणू काही उडी घेता यावी म्हणून तेवढा एक धक्का इतिहासाने तिथे आणून ठेवला होता.

(फ्रेंच उच्चार 'मार्सेय' असा आहे. आपल्याकडे शंभर वर्षे रूढ असलेले 'मार्सेलिस' हेच रूप मी पुढे वापरतो.)

शहर गाळल्यामुळे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. परक्या भूमीवर पाय ठेवला की आश्रयाचा हक्क मिळतो, या भरवशावर ती उडी होती. मग त्या भूमीच्याच शिपायाने पळणाऱ्या माणसाला एका शब्दाचीही चौकशी न करता परत का दिले? 'त्याला भाषा समजली नाही', 'त्याला लाच दिली गेली' अशी उत्तरे आपल्याकडे ऐकू येतात. ती एका माणसापाशी थांबतात. तो शिपाई ज्या बंदरावर उभा होता, ते बंदर कोणाच्या ताब्यात होते, तिथे येणाऱ्या परक्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी शहराचा इतिहास वाचावा लागतो. आणि तो वाचताना असे दिसते की, दोन कृती या शहरात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत : आलेल्याला पेला देणे आणि आलेल्याला पकडून सोपवणे. शहराने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टीत पहिली कृती ठळक आहे. दुसरी त्याच कागदपत्रांत आहे, पण ती पाने सहसा उलटली जात नाहीत.

लग्नाच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग

इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील फोकाया या ग्रीक नगरातून (आजचे तुर्कस्तानातील फोचा) काही दर्यावर्दी इथे आले आणि खडकांच्या कुशीतल्या एका अरुंद खाडीकाठी त्यांनी 'मसालिया' वसवले. ग्रीक लोक त्या खाडीला लाकिदोन म्हणत. आज तिला 'व्हिय पोर', म्हणजे जुने बंदर, म्हणतात. एवढा भाग उत्खननाने पक्का केलेला आहे.

स्थापनेची कथा दोन पाठांत मिळते. एक ॲरिस्टॉटलचा. त्याने या नगराच्या राज्यघटनेवर लिहिले होते. तो ग्रंथ गेला, पण त्यातला उतारा अथेनाओस या नंतरच्या लेखकाने जपला. दुसरा पाठ पोम्पेइयस ट्रोगसचा. त्याचाही मूळ ग्रंथ नाहीसा झाला आणि युस्तिनसने केलेला संक्षेप तेवढा उरला. दोन्हींत गोष्टीचा सांगाडा एकच. स्थानिक राजाच्या मुलीचे लग्न ठरायचे आहे. रिवाज असा की, मेजवानीत ती ज्याच्या हाती पेला देईल तो नवरा. ऐन त्या दिवशी ग्रीक पाहुणे येतात आणि ती पेला परक्याच्या हातात देते. ॲरिस्टॉटलच्या पाठात मुलगी पेट्टा आहे आणि पाहुणा युक्सेनोस. ट्रोगसच्या पाठात ती गिप्टिस आहे आणि तो प्रोटिस. एका ठिकाणी पेल्यात मिसळलेले पेय आहे, दुसऱ्या ठिकाणी साधे पाणी. सासऱ्याने जमीन दिली आणि नगर उभे राहिले.

शहराला ही गोष्ट फार प्रिय आहे. १८९९ मध्ये पंचवीस शतके झाली म्हणून आणि १९९९ मध्ये सव्वीस शतके झाली म्हणून इथे मोठे उत्सव झाले. दोन्ही वेळा केंद्रस्थानी हीच आगमनाची कथा होती. परक्याला जावई करून घेणारे शहर, ही ओळख कोणाला आवडणार नाही?

पण युस्तिनस तिथे थांबत नाही. राजा मरतो आणि त्याचा मुलगा कोमानस गादीवर येतो. त्याला कोणीतरी एक गोष्ट सांगतो. एका गाभण कुत्रीने धनगराकडे विण्यापुरती जागा मागितली; मग पिल्ले वाढवण्यापुरती मागितली; पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या जोरावर ती जागेची मालकीणच होऊन बसली. मराठीत ही अख्खी गोष्ट एका ओळीत सांगता येते : भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. कोमानस सावध होतो आणि उत्सवाच्या दिवशी नगरावर छापा घालायचे ठरवतो. काही माणसे पाहुणे म्हणून आत जातात, काही पाल्याखाली लपून गाड्यांतून. राजघराण्यातल्याच एका स्त्रीचे एका ग्रीक तरुणावर प्रेम असते. ती त्याला बेत सांगून टाकते. कोमानस मारला जातो आणि त्याच्याबरोबर सात हजार माणसे. युस्तिनस पुढे लिहितो की, तेव्हापासून मसालियाचे लोक सणाच्या दिवशी वेशी बंद ठेवू लागले, तटावर पहारे बसवू लागले आणि परक्यांची तपासणी करू लागले.

सात हजारांच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवू नये. पण कथा म्हणून ती काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. ट्रोगस स्वतः ग्रीक नव्हता. मार्सेलिसच्या उत्तरेकडील व्होकोन्ती नावाच्या गॉल टोळीतला तो माणूस. ज्यांनी ओसरी दिली त्यांची बाजूही त्याच्या कानावर असणार. म्हणून त्याच्या पाठात पेल्यानंतर पहारा येतो. उत्सवांनी पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा ठेवून दिला. माझ्या मते या शहराचे खरे स्थापनापुराण दोन्ही अर्ध्या भागांचे मिळून होते. 'परक्यांची तपासणी' ही या नगराच्या पहिल्याच कथेत नोंदलेली संस्था आहे. रोमन लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमस आणखी एक नोंद करतो : या नगरात शिरताना पाहुण्याचे शस्त्र वेशीवर काढून घेत आणि जाताना परत देत. स्वागत आणि संशय एकाच दारात उभे आहेत.

शहराकडे तोंड केलेल्या तोफा

बंदराचे शहर समुद्राकडे पाहून जगते. त्याच्या पाठीशी मोठे राज्य उभे राहिले की दोघांचे पटतेच असे नाही. मार्सेलिसच्या इतिहासात ही गाठ वारंवार पडते. इ. स. पू. ४९ मध्ये सीझर आणि पाँपी यांच्या यादवीत मसालियाने पाँपीची बाजू घेतली. सीझरच्या सैन्याने वेढा घातला, नगर शरण आले आणि आरमार, शस्त्रे व खजिना देऊन बसले. नावापुरते स्वातंत्र्य तेवढे राहिले. त्यानंतर ते व्यापारापेक्षा विद्येसाठी ओळखले जाऊ लागले. अथेन्सला जाण्याऐवजी रोमन उमराव इथे शिकायला येतात, असे स्ट्रॅबो लिहितो.

१४२३ मध्ये आरागॉनचा राजा आल्फोन्सो पाचवा याने शहर लुटले आणि बंदराच्या तोंडावरची लोखंडी साखळी तोडून नेली. ती आजही स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये भिंतीवर टांगलेली आहे. १४८१ मध्ये प्रोव्हान्स प्रांत वारशाने फ्रान्सच्या राजाकडे आला आणि त्याबरोबर मार्सेलिसही. तरी शहर आपले हक्क, आपले कॉन्सल आणि आपला ताठा सांभाळून होते.

तो ताठा लुई चौदाव्याने मोडला. १६६० मध्ये राजा शहरात आला तो वेशीतून आला नाही. तटाला भगदाड पाडून, जिंकलेल्या नगरात शिरावे तसा शिरला. शहराची जुनी कॉन्सल-व्यवस्था रद्द झाली. बंदराच्या तोंडावर सें-निकोला हा किल्ला बांधायला घेतला आणि समोरच्या काठावर सें-झाँ किल्ला मजबूत केला. या तोफांचा रोख समुद्राइतकाच शहरावर होता, हे मार्सेलिसकर कधी विसरले नाहीत. आज पर्यटक या दोन किल्ल्यांमधून सूर्यास्ताचे फोटो काढतात. सें-झाँ किल्ला २०१३ पासून भूमध्य संस्कृतीच्या एका देखण्या संग्रहालयाचा भाग आहे. पण तो बांधणाऱ्याच्या मनात शत्रू दोन होते, एक बाहेरचा आणि एक आतला.

राजाने एका हाताने मारले आणि दुसऱ्याने दिले. १६६९ च्या फर्मानाने कोल्बेरने मार्सेलिसला जकातमुक्त बंदर केले. पूर्व भूमध्यातला माल दुसऱ्या मार्गाने फ्रान्समध्ये आणल्यास वीस टक्के कर, मार्सेलिसला आणल्यास नाही. याच काळात वल्ह्यांच्या युद्धनौकांचे शाही आरमार इथे ठेवले गेले. ती वल्ही मारायला साखळदंडातले कैदी, विकत घेतलेले तुर्की गुलाम आणि धर्म बदलायला नकार देणारे प्रॉटेस्टंट होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस अशा नौका चाळीसच्या आसपास होत्या आणि त्यांवरचे कैदी हजारोंनी मोजावे लागत. म्हणजे मुक्त बंदर आणि तुरुंग हे एकाच खाडीच्या दोन काठांवर, एकाच राजाच्या योजनेतून, एकाच वेळी वाढले. १९१० ची सकाळ समजून घेताना ही जोडी विसरून चालणार नाही.

कापडाच्या गासड्या

२५ मे १७२० रोजी 'ग्राँ-सेंत-आंत्वान' हे जहाज सीरियाच्या किनाऱ्यावरून रेशीम आणि सुती कापड घेऊन मार्सेलिसला पोहोचले. वाटेत जहाजावरचे अनेक लोक दगावले होते. या बंदराची विलग्नवासाची व्यवस्था युरोपात नावाजलेली होती : संशयित जहाजाने दूरच्या बेटापाशी नांगरायचे, माल उन्हावाऱ्यात टाकायचा आणि ठरलेले दिवस मोजायचे. या जहाजाबाबत नियम वाकवले गेले. मालात शहराच्या कारभाऱ्यांपैकी पहिला, झाँ-बातिस्त एस्तेल, याचाही वाटा होता आणि जुलैमधली बोकेरची जत्रा जवळ आली होती. गासड्या शहरालगतच्या विलग्नवास-कोठारात उतरल्या. जूनमध्ये गल्ल्यांतून पहिले मृत्यू झाले. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या शहरातली चाळीस हजारांच्या आसपास माणसे दोन वर्षांत गेली.

या साथीच्या स्मृतीची वाटणी कशी झाली, हे पाहणे मोठे बोलके आहे. कप्तान शातोला शातो दिफ या बंदरासमोरच्या बेटावरील तुरुंगात टाकले आणि काही वर्षांनी सोडले. एस्तेलवर खटला उभा राहिला नाही. आजाऱ्यांमध्ये फिरणारे बिशप बेल्झ्युन्स यांचा पुतळा झाला आणि एका हमरस्त्याला त्यांचे नाव मिळाले. तुरेत भागात कुजत पडलेली शेकडो प्रेते हलवण्याची मोहीम काढणारा शेव्हालिये रोझ हाही शहराचा वीर ठरला, आणि त्याचे धैर्य खरेच होते. पण ती प्रेते उचलली त्या नौकांवरच्या कैद्यांनी. सुटकेच्या आशेवर त्यांना या कामाला लावले होते आणि त्यातले बहुतेक त्याच कामात मेले. त्यांची नावे पुतळ्याच्या चौथऱ्यावर नाहीत. ज्यांना बंदराने बेडी घातली त्यांच्याच हातांनी बंदर वाचले.

नाव काढून घेतलेले शहर

फ्रान्सच्या राष्ट्रगीताला मार्सेलिसचे नाव आहे. पण ते गीत मार्सेलिसचे नाही. रूझे द लील याने ते एप्रिल १७९२ मध्ये दूर ईशान्येला, स्ट्रासबुर्गमध्ये, ऱ्हाइनच्या सैन्यासाठी रचले. जुलैत मार्सेलिसहून सुमारे पाचशे स्वयंसेवक पायी पॅरिसला गेले, तेव्हा ते त्यांच्या तोंडी होते. म्हणून पॅरिसकरांनी त्याला 'मार्सेयेझ' म्हटले. १० ऑगस्टला राजवाड्यावर चालून जाणाऱ्यांत हेच लोक होते.

पुढच्याच वर्षी चित्र उलटले. पॅरिसच्या एकहाती सत्तेविरुद्ध मार्सेलिस उठले. ऑगस्ट १७९३ मध्ये क्रांतीच्या सैन्याने शहर घेतले आणि १७९४ च्या जानेवारीत बारा आणि फ्रेराँ या प्रतिनिधींनी शिक्षा म्हणून शहराचे नावच काढून घेतले. सरकारी कागदांत ते 'बिननावाचे शहर' झाले. काही आठवड्यांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला. ज्या शहराच्या नावाचे गीत राष्ट्र गात होते, त्याच शहराला राष्ट्राने बेनाम केले, हा विरोधाभास फ्रेंच इतिहासकार चवीने सांगतात. मला त्यात १६६० चाच धागा दिसतो. पॅरिसला मार्सेलिस हवे होते, पण विश्वासाचे म्हणून कधीच नाही. ज्या शहरावर सतत नजर ठेवली जाते, तिथले अधिकारी वरून आलेल्या हुकमापलीकडे विचार करायला शिकत नाहीत.

पूर्वेचे दार

१८३० मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर स्वारी केली आणि मार्सेलिस वसाहतींचे बंदर झाले. जुनी खाडी अपुरी पडू लागल्याने उत्तरेला ला झोलियेतची नवी गोदी बांधली. ती १८५३ मध्ये सुरू झाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि हे शहर पूर्वेचे दार म्हणवू लागले. इथल्या प्रसिद्ध साबणात १६८८ च्या फर्मानाप्रमाणे ऑलिव्हचेच तेल घालायचे होते. एकोणिसाव्या शतकात त्या कढयांत हिंदुस्थानातून आणि आफ्रिकेतून आलेल्या तीळ-भुईमुगाचे तेल पडू लागले. आपला संबंध उडीच्या आधी सुरू होतो तो असा, तेलबियांच्या पोत्यांतून.

मुंबईहून विलायतेला जाणारे अनेक प्रवासी मार्सेलिसला उतरून रेल्वेने पुढे जात. त्यात समुद्रातले काही दिवस वाचत. २६ सप्टेंबर १९१४ रोजी लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिक पहिल्या महायुद्धासाठी याच बंदरात उतरले. त्या डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या होत्या. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथल्या युद्धस्मशानात हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी इथेच उतरले. सें-शार्ल स्टेशनचा भव्य जिना १९२७ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या दोन बाजूंना 'आशियातील वसाहती' आणि 'आफ्रिकेतील वसाहती' अशा दोन आडव्या पहुडलेल्या स्त्रियांच्या मूर्ती आहेत. गिप्टिस उभी राहून पेला देत होती. या दोघी पडून आहेत.

याच बंदरासमोर शातो दिफ आहे आणि त्यामुळे जगभरच्या वाचकांच्या मनात मार्सेलिस म्हणजे 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'. अलेक्झांडर ड्यूमाच्या या कादंबरीतला एदमाँ दांतेस चौदा वर्षांनी प्रेताच्या पिशवीतून समुद्रात फेकला जातो आणि पोहून सुटतो. आपल्याकडची उडीची कथा नकळत या साच्यात बसवली गेली, असे मला वाटते : अथांग सागर, एकटा पोहणारा, मागे तुरुंग आणि पुढे मोकळे क्षितिज. प्रत्यक्षातले अंतर बंदरातले होते आणि पुढे क्षितिज नव्हते. पुढे होता धक्का, आणि धक्क्यावर पोलीस. कादंबरी २४ फेब्रुवारी १८१५ या तारखेपासून सुरू होते आणि हेगच्या लवादाने सावरकर प्रकरणाचा निवाडा २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिला, हा निव्वळ योगायोग. पण या दोन तारखांमध्ये साहसकथा आणि दप्तर यांतले अंतर मात्र नेमके मोजता येते.

दप्तरातला ८ जुलै

त्या निवाड्यातली हकीकत कोरडी आहे आणि म्हणूनच मोलाची. कैदी बोटीतून येणार हे लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसच्या सुरक्षा खात्याला २९ जूनलाच कळवले होते. फ्रेंच बाजूने बंदोबस्ताचे आश्वासन मिळाले होते. मार्सेलिसच्या अधिकाऱ्यांना सूचना होती ती, तिकीट नसलेल्या हिंदी क्रांतिकारकांना बोटीवर चढू देऊ नये अशी. म्हणजे फ्रेंच पोलीस बंदरावर होते ते कैद्याला सोडवायला बाहेरून येणाऱ्यांसाठी. कैदी पोहत किनाऱ्याला आला आणि धावू लागला, तेव्हा सागरी पोलीस दलाच्या एका ब्रिगेडियरने त्याला धरले. हा दर्जा हवालदारासारखा; आपल्याकडे 'ब्रिगेडियर' म्हणताच मनात येणारा सेनाधिकारी तो नव्हे. बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला मदत केली. ९ जुलैला बोट कैद्यासह निघून गेली.

फ्रान्समध्ये यावर गदारोळ झाला. झाँ झोरेसच्या 'ल्युमानिते' या समाजवादी पत्राने आश्रयाच्या हक्काचा प्रश्न लावून धरला आणि फ्रेंच सरकारला कैदी परत मागावा लागला. पाच सदस्यांच्या लवादाने निकाल दिला तो असा : अटक करून सोपवण्यात अनियमितता झाली, परंतु परक्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत देण्यास बाध्य करणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. तोवर मुंबईत दोन्ही जन्मठेपेच्या शिक्षा सुनावूनही झाल्या होत्या.

आपल्याकडे या निकालाची निर्भर्त्सना पुष्कळ झाली आणि ती रास्तच आहे. पण लवादाचा तर्क उभा आहे तो एका गृहीतावर : ब्रिटिशांनी कपट केले नाही की बळ वापरले नाही, फ्रान्सच्या माणसाने आपण होऊन कैदी दिला. हे 'आपण होऊन' कसे घडते, ते आधीच्या अडीचशे वर्षांनी सांगितले आहे. साखळदंडातले कैदी जिथे बंदराच्या अर्थव्यवस्थेचा भाग होते, शहराच्या तोफा जिथे शहराकडे वळलेल्या होत्या, वसाहतीचा माणूस जिथे माल किंवा मजूर म्हणूनच उतरत होता, तिथे ओल्या अंगाने पळणारा एक हिंदी माणूस पाहून सागरी पोलिसाच्या मनात 'राजकीय आश्रित' हा शब्द येण्याची शक्यता किती? त्याला तो बोटीवर गुन्हा करून पळालेला खलाशी वाटला असावा, असा मुद्दा फ्रान्सच्या बाजूने पुढे आलाच होता. तो मुद्दा फ्रान्सला सोयीचा होता, हे मान्य. तरी त्यातून त्या धक्क्याची सवय दिसते. पॅरिसच्या आणि झोरेसच्या फ्रान्सवर सावरकरांनी भरवसा ठेवला होता. पाय मात्र पडला मार्सेलिसच्या बंदरावर.

मागताच सोपवणे

९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्तू यांना मार्सेलिसमध्ये एका हल्ल्यात मृत्यू आला. त्यातून राष्ट्रसंघाने दहशतवादाविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९३७ मध्ये तयार केला. चोवीस देशांनी सह्या केल्या. पण त्याला अंतिम मान्यता दिली ती एकाच सरकारने, हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने. करार कधी अमलात आलाच नाही. मार्सेलिसच्या दोन घटनांचे धागे असे दिल्लीच्या दप्तरात येऊन मिळतात. आश्रय आणि प्रत्यार्पण यांचा सर्वांत जास्त धसका कोणाला होता, हे यावरून कळते.

१९४० मध्ये फ्रान्स पडला आणि मार्सेलिस हे हिटलरपासून पळणाऱ्यांचे शेवटचे बंदर झाले. तहाच्या १९ व्या कलमाने फ्रेंच सरकारने कबूल केले होते की, जर्मनी मागेल त्या जर्मन व्यक्तीला सोपवले जाईल. १९१० मध्ये जी 'अनियमितता' होती, ती आता नियम झाली. अमेरिकन पत्रकार व्हेरियन फ्रायने इथे बसून, खऱ्याखोट्या कागदपत्रांच्या आधारे, सुमारे दोन हजार माणसांना बाहेर काढले, असे मानले जाते. ॲना झेगर्स या स्वतः इथून निसटलेल्या जर्मन लेखिकेची 'ट्रान्झिट' ही कादंबरी याच काळाची आहे. व्हिसासाठी रांगा, व्हिसा मिळेपर्यंत बोट गेलेली, बोट मिळेपर्यंत व्हिसा संपलेला. माझ्या मते मार्सेलिसवर लिहिले गेलेले सर्वांत खरे पुस्तक ते आहे, कारण त्यात पेला आणि बेडी दोन्ही एकाच खिडकीवर मिळतात.

जानेवारी १९४३ मध्ये जर्मन हुकमाने, पण मुख्यतः फ्रेंच पोलिसांच्या हातांनी, जुन्या बंदरालगतच्या वस्त्या वेढल्या गेल्या. सुमारे पंचवीस हजार माणसांना घराबाहेर काढले. १,६४२ जणांना गाड्यांत भरून कॉम्पिएन्यच्या छावणीकडे पाठवले. त्यांतील शेकडो ज्यू सोबिबोरच्या मृत्युछावणीत गेले. मग सुमारे दीड हजार इमारती सुरुंगाने उडवल्या. 'गलिच्छ वस्ती' साफ करण्याच्या नगररचनेच्या योजना फ्रेंच कागदांवर आधीपासून होत्या. क्लॉड मॅके या जमैकात जन्मलेल्या कवीने 'बँजो' (१९२९) या कादंबरीत ज्या गल्ल्यांतले कृष्णवर्णीय खलाशी, हमाल आणि वादक रंगवले, त्या याच भागातल्या. इमारती गेल्या, कादंबरी राहिली. २०१९ मध्ये, म्हणजे शहात्तर वर्षांनी, पॅरिसच्या सरकारी वकिलांनी या प्रकरणी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची चौकशी सुरू केली.

ढिगाऱ्याखालचे शहर

पाडलेल्या वस्तीच्या जागी युद्धानंतर पाया खणताना, १९४७ मध्ये, रोमन काळातील गोदामे आणि त्यांतील मोठमोठे मातीचे रांजण सापडले. आज तिथे संग्रहालय आहे. १९६७ मध्ये व्यापारी संकुलासाठी खोदताना ग्रीक-रोमन बंदराचा काठच वर आला आणि लोकांच्या आग्रहाने तो राखला गेला. आपल्या पुरातनत्वाचा पुरावा शहराच्या हाती येतो तो पुष्कळदा माणसे उठवलेल्या जागेतून, हे त्या संग्रहालयात उभे राहून लक्षात ठेवायला हवे.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तिथले लाखो फ्रेंच रहिवासी या बंदरात उतरले, तेव्हा महापौर गास्ताँ देफेर यांनी त्यांनी दुसरीकडे बस्तान मांडावे असे उघड सांगितले होते. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी शहराच्या मध्यातील र्यू दोबान्य या रस्त्यावरच्या जीर्ण इमारती कोसळून आठ जण मेले. ज्या भागात जगभरचे आलेले लोक राहतात, तोच हा भाग. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताच्या वाणिज्य दूतावासाचे इथे उद्घाटन झाले. त्या वेळी माझार्गच्या स्मशानाला आणि सावरकरांच्या उडीला, दोन्हींना उजाळा मिळाला.

उजाळा मिळतो तेव्हा पुन्हा तीच एक सकाळ समोर येते. तिचे धैर्य कमी करण्याचा इथे हेतू नाही. शहर दिसल्याने ते वाढतेच, कारण उडी घेणाऱ्यासमोर नुसता समुद्र नव्हता, अडीचशे वर्षांची एक यंत्रणा होती. पण मराठीत मार्सेलिसचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्यात प्रेते उचलणारे कैदी, तिळाची पोती, खडकीचे सॅपर, व्हिसाच्या रांगेतले लेखक आणि कोमानसला सांगितलेली ती कुत्रीची गोष्ट, हे सगळे हवे. एखाद्या बंदराने आपल्या एका माणसाशी काय केले, एवढेच विचारून भागत नाही. त्या बंदराने इतरांशी काय केले होते, हेही विचारावे लागते. आणि हा प्रश्न एकदा विचारायची सवय लागली की तो मुंबईच्या गोद्यांनाही लागू होतो. तिथे कोण उतरले, कोणाला पेला मिळाला आणि कोणाला परत पाठवले, याची नोंद आपण तरी कुठे नीट ठेवली आहे?